सुमित्रा भावेंच्या सिनेमांवरचं शिबिर: जरूर करा, 'दोघी' मात्र घाईत उरकला

कोथरूडला शनिवार-रविवार सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर या दिग्दर्शक जोडीच्या सिनेमांवर अभ्यास शिबिर केलं, पुढच्या बॅचला जायचं की नाही असा विचार चालू असेल तर बिनधास्त नाव नोंदवा.

सगळ्यात भारी म्हणजे शिकवणाऱ्या मॅडमनी हा सिनेमा स्किझोफ्रेनियावर, तो अल्झायमरवर, तो डिप्रेशनवर अशी वाटणी केलीच नाही. त्यांचं म्हणणं असं की यांच्या सिनेमात आजारी माणूस बरा होणार का यापेक्षा आजूबाजूच्यांना त्याच्यासोबत राहायला जमणार का हे महत्त्वाचं असतं, आणि मला ते शंभर टक्के पटलं. 'देवराई' (2004) स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषइतकाच त्याच्या बहिणीचा, सीनाचा पण आहे. 'अस्तु'मध्ये अल्झायमर झालेले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक शास्त्री (मोहन आगाशे) हत्तीच्या मागे चालत निघून जातात, इकडे मुलगी वेड्यासारखी शोधतेय आणि तिकडे त्यांना सांभाळतंय कोण, तर माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष)! नातं नाही, ओळख नाही. त्या दोघांचा एक सीन मॅडमनी आधी आवाज बंद करून दाखवला, मग आवाजासकट. आवाज नसताना आपण अमृता सुभाषचे हात आणि मोहन आगाशेंचा चेहरा एवढंच बघत राहतो, आणि मग कळतं की संवाद नसते तरी सीन उभा राहिला असता. 'कासव'मध्ये पण तेच, जानकी डिप्रेशनमधल्या एका परक्या मुलाला आसरा देते आणि त्याला प्रश्न विचारून भंडावत नाही, शिवाय तिकडे किनाऱ्यावर कासवीण अंडी घालून गेली की राखण माणसंच करतात. हे सिनेमे सुटे सुटे बघताना हा धागा माझ्या लक्षातच आला नव्हता.

सुमित्राताई समाजकार्य आणि संशोधनातून सिनेमाकडे आल्या, 'बाई' ही शॉर्ट फिल्म 1985 ची. त्याचा एक तोटा पण आहे, कधीकधी पात्रं आजाराची माहिती समजावून सांगायला लागतात, 'देवराई'त मला ते खटकतंच. एकाने हे बोलून दाखवलं तर मॅडमनी विषय न बदलता त्यावर मस्त चर्चा होऊ दिली.

तक्रार एकच पण मोठी, 'दोघी'ला (1995) शेवटी जेमतेम वेळ मिळाला. अहो, घर चालावं म्हणून थोरल्या बहिणीला मुंबईला धाडतात, तिथे तिला देहविक्री करावी लागते आणि मग तेच घर तिच्याकडे कसं बघतं, माणसाला आपलं म्हणायचं की नाही हा प्रश्न तर तिथूनच सुरू होतो ना, मग तो पहिल्या दिवशी सकाळी पूर्ण दाखवायला हवा.

बाकी नोट्स छान, चहा वेळेवर, स्पीकर मात्र फाटका, त्यामुळे लवकर जाऊन पुढची खुर्ची पकडा.