पाच-तीन-दोनचा सर्व्हर आणि गोडो इंजिन

आधी निकाल सांगते, मग कारणं. ऑनलाइन गेम आतून कसा चालतो हे समजून घ्यायचं असेल तर गोडो इंजिनाइतकं (गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) सोयीचं साधन मला दुसरं सापडलेलं नाही. आणि नुसतं गोडो येतं एवढ्या बळावर पुण्या-मुंबईत नोकरी लागेल असंही मला वाटत नाही. भाच्याला दोन्ही सांगून झालंय. त्याने पहिलं तेवढं ऐकून घेतलं.

मी स्वतः गेमवाली नाही. हिंजवडीत बँकांच्या पेमेंटचं बॅकएंड, म्हणजे पडद्यामागची सर्व्हरची बाजू, सांभाळते, जावा लिहिते. भाचा नाशिकला बीसीए करतोय आणि त्याला ऑनलाइन गेम बनवायचेत. एका खासगी क्लासने ताईला डिप्लोमाची फी सांगितली, त्या रात्री ताईचा फोन आला, ‘तूच बघ बाई याचं काय ते.’ मी अभ्यासक्रमाचा कागद मागवला. थ्रीडी मॉडेलिंग, टेक्श्चरिंग, लेव्हल डिझाइन, पोर्टफोलिओ, सगळं होतं. नेटवर्किंग मात्र शेवटच्या मॉड्यूलमधली एक ओळ. ज्याला ऑनलाइन गेम करायचेत त्याच्यासाठी एक ओळ! मग ठरलं की क्लास राहू दे, आपण दोघं मिळून एक लहान खेळ शेवटपर्यंत न्यायचा. तीन माणसं तीन गावांतून खेळू शकतील असा. पाच-तीन-दोन.

हा खेळ निवडण्यामागे हिशेब होता. तीस पत्ते, तीन खेळाडू, नियम घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ, चित्रकलेचं काम जवळपास शून्य. आणि पत्त्यांच्या खेळात प्रत्येकाचा हात इतरांपासून लपलेला असतो. ऑनलाइन गेमच्या निम्म्या भानगडी या लपवण्यातूनच सुरू होतात.

गोडो उतरवून (डाउनलोड करून) घेण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तीच त्याची खुबी. झिप शे-दीडशे एमबीच्या आत, उघडली की थेट चालणारी फाइल, इन्स्टॉलर नाही, खातं उघडा नाही, ईमेल द्या नाही. भाच्याचा लॅपटॉप जुना आणि रडका आहे. नवा प्रोजेक्ट करताना ‘कंपॅटिबिलिटी’ हा रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) निवडला की गोडो ओपनजीएल 3.3 या जुन्या ग्राफिक्स पद्धतीवर भागवतं, त्यामुळे त्या डबड्यावरही काम झालं. ज्याच्याकडे लॅपटॉपच नाही त्याला अँड्रॉइडवर चालणारा गोडोचा एडिटरही मिळतो. बोटाने कोड लिहायचा जाच आहे, पण सुरुवात अडत नाही. एक सूचना मात्र आधीच देते: खेळ फोनसाठी किंवा वेबसाठी बाहेर काढायचा झाला की ‘एक्स्पोर्ट टेम्प्लेट्स’ वेगळे उतरवावे लागतात, ते जवळपास जीबीभर आहेत. त्या दिवशी डेटा पॅक शिल्लक ठेवा.

हे इंजिन अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर या दोघांनी उभं केलं आणि 2014 मध्ये एमआयटी परवान्याखाली खुलं केलं. खेळ विकून कोट्यधीश झालात तरी त्यांना एक पै द्यायची नाही. याचं महत्त्व सप्टेंबर 2023 मध्ये बऱ्याच जणांना कळलं. युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनाच्या कंपनीने तेव्हा जाहीर केलं की ठरावीक मर्यादेपुढे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितक्या वेळा पैसे आकारू. जगभर बोंबाबोंब झाली, महिन्याभरात त्यांचे सीईओ पायउतार झाले आणि वर्षाने, सप्टेंबर 2024 मध्ये, तो आकार रद्दही झाला. पण ज्यांचं मन उडालं ते उडालंच. ‘स्ले द स्पायर’ या गेमचा दुसरा भाग बनवणारे याच प्रकरणानंतर युनिटी सोडून गोडोवर आले.

आता मुद्द्याचं. भाच्याने पहिल्या फटक्यात जे बनवलं ते दिसायला झकास होतं. गोडोत ‘मल्टिप्लेअर-सिंक्रोनायझर’ नावाचा एक नोड (खेळ ज्या तुकड्यांनी बनतो त्यातला एक) असतो. त्याला सांगायचं की अमुक गोष्ट सगळ्यांकडे सारखी ठेव, की तो ठेवतो. भाच्याने तिन्ही खेळाडूंचे पत्ते त्या नोडच्या हवाली केले. पडद्यावर ज्याला त्याला आपापले दहा पत्ते दिसत होते. मी विचारलं, बाकीच्या दोघांचे पत्ते कुठे आहेत?

‘ते दिसतच नाहीत ना, मावशी.’

दिसत नाहीत, पण फोनवर आलेत. फोन खेळाडूच्या हातात, मेमरी त्याच्या हातात, येणारी पाकिटं (नेटवरून येणारे माहितीचे तुकडे) तपासायची साधनं फुकट मिळतात. बँकेच्या कामात आम्हाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात की ॲपमधून आलेल्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही आणि ॲपला नको ते सांगायचंही नाही. गोडोत हे नीट करायची सोय आहे. सर्व्हरचा, म्हणजे खेळ सांभाळणाऱ्या मधल्या यंत्राचा, क्रमांक नेहमी 1 असतो, बाकी जो जोडला जाईल त्याला एक मोठा, कसाही क्रमांक मिळतो. दूरच्या यंत्रावरचं फंक्शन चालवायला ‘आरपीसी’ वापरतात आणि ते सगळ्यांना न पाठवता एकाच क्रमांकाला पाठवता येतं. मग पत्ते पिसायचे सर्व्हरवर, आधी पाच-पाच वाटायचे, हुकूम बोलणाऱ्याने हुकूम बोलला की उरलेले पाच, आणि प्रत्येकाला फक्त त्याचे.

खेळाडूकडून सर्व्हरला एवढंच कळवलं जातं की मी इस्पिकचा एक्का टाकू इच्छितो. सर्व्हर पाहतो: याची पाळी आहे का, हा पत्ता याच्या हातात आहे का, उतारी बदामची असताना हातात बदाम ठेवून हा हुकमाने मारतोय का. निरोप कुणी पाठवला हे निरोपातच लिहून घ्यायचं नाही, इंजिनालाच विचारायचं. ते पाठवणाऱ्याचा खरा क्रमांक देतं. आरपीसी मुळात फक्त मालकाला, म्हणजे बहुतेक वेळा सर्व्हरला, करता येतं आणि खेळाडूंना ते खुलं करायचं तर तसं ‘एनी-पीअर’ लिहून द्यावं लागतं. हा मूळचा बंदोबस्त मला फार आवडला. दार बंद आहे, उघडायचं तर तुम्ही सही करा.

भाच्याला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो तुटणाऱ्या नेटचा प्रकार. डाव रंगात आलेला असतो, ताईला फोन येतो, ॲप मागे जातं, मधेच वायफाय सुटून मोबाइल डेटा चालू होतो आणि तिचं कनेक्शन पडतं. गोडो सर्व्हरला इमानदारीत कळवतं की अमुक क्रमांक गेला. ताई परत येते तेव्हा तिला नवा क्रमांक मिळतो. आता ही बाई तीच, हिचे सात पत्ते आणि झालेले दोन हात हिलाच द्यायचे, हे इंजिन कसं ठरवणार? ते ठरवत नाही. पहिल्यांदा जोडताना प्रत्येक खेळाडूला सर्व्हरने आपली एक गुप्त खूण द्यायची, ती फोनवर जपायची, आणि परत येणाऱ्याने ती दाखवली की त्याची जागा त्याला द्यायची. हे सगळं स्वतः लिहावं लागतं. पुढच्या डावात कुणी कुणाचे किती पत्ते ओढायचे तो हिशेबही सर्व्हरवरच हवा, नाहीतर आमच्याकडे प्रत्यक्ष बैठकीत होतात त्याहून मोठी भांडणं झाली असती.

गोडोच्या वाईट बाजूही आहेत, आणि त्या आरपीसीपाशीच सापडतात. सर्व्हरचा आणि खेळाडूचा प्रोजेक्ट वेगळा ठेवलात तर दोन्हीकडच्या स्क्रिप्टमध्ये आरपीसी फंक्शनं तंतोतंत जुळावी लागतात, वापरत नसलात तरी. नोडचा पत्ताही (प्रोजेक्टमधली त्याची जागा) दोन्हीकडे तोच हवा. कुठे फरक पडला तर जी चूक दाखवली जाते ती भलत्याच फंक्शनच्या नावाने येऊ शकते, कारण जुळणी सगळ्यांची एकदम तपासली जाते. अधिकृत मार्गदर्शिकेत हे लिहिलंय, पण अशा जागी की आधी डोकं आपटल्याशिवाय तिथे नजर जात नाही. नवशिक्याने सर्व्हर आणि खेळाडू एकाच प्रोजेक्टमध्ये ठेवावेत. एडिटरमधूनच खेळाच्या तीन खिडक्या एकदम चालू करता येतात, त्यामुळे तपासणीही सोपी जाते.

दुसरी उणीव जास्त मोठी. आमचा खेळ पाळीपाळीचा. पत्ता पाव सेकंद उशिरा पडला तर कुणाचं काही जात नाही. धावायचा, मारायचा खेळ असेल तर सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता फोनने आपल्या खेळाडूला पुढे सरकवायचं, उत्तर आलं की चूक दुरुस्त करून घ्यायची, आणि गोळी झाडली त्या क्षणी समोरचा कुठे होता हे सर्व्हरने मागे जाऊन पाहायचं, असं सगळं लागतं. यातलं काहीही गोडोत तयार मिळत नाही. ‘नेटफॉक्स’ नावाची लोकांनी बनवलेली भर घालता येते. पण ज्याला बॅटल रॉयलसारखे (शेवटी एकच उरेपर्यंत मारामारीचे) खेळ बनवायच्या कंपनीत जायचंय त्याने हा भाग कागद-पेन घेऊन वेगळा शिकावा. ओळखीच्या एका गेम प्रोग्रॅमरचं म्हणणं की मुलाखतीत ‘खेळाडू खोटं बोलला तर?’ आणि ‘पाकीट पोचलंच नाही तर?’ हे दोन प्रश्न फिरवून फिरवून येतात, इंजिन कुठलंही असो.

घरच्या घरी तीन खिडक्यांत चालणारा खेळ खऱ्या इंटरनेटवर नेताना आणखी एक पायरी लागते. मोबाइल कंपन्या आणि बऱ्याच ब्रॉडबँडवाल्या इंटरनेटवरच्या एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. त्यामुळे तुमचा लॅपटॉप सर्व्हर म्हणून बाहेरच्याला सापडतच नाही, राउटरमध्ये कितीही पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) उघडा. महिन्याला काहीशे रुपयांचा लिनक्स सर्व्हर भाड्याने घ्या, मुंबईतल्या डेटा सेंटरमधला मिळाला तर उत्तम. गोडो खेळाची पडदा नसलेली आवृत्ती काढून देतं, ती तिथे निमूट चालते. अँड्रॉइडसाठी एक्स्पोर्ट करताना परवानग्यांच्या यादीत ‘इंटरनेट’वर खूण करायला विसरू नका, नाहीतर फोनवर खेळ उघडतो आणि जोडला मात्र जात नाही. वेबवर टाकायचा तर गोडोचा मूळचा ईनेट हा जोडणीचा मार्ग चालत नाही, कारण तो यूडीपीवर (पोच न मागता पाकिटं पाठवायची पद्धत) उभा आहे आणि ब्राउझर गेमला थेट यूडीपी वापरू देत नाही. तिथे वेबसॉकेट ही ब्राउझरला चालणारी जोडणी घ्यावी लागते.

एक गोष्ट मराठी वाचकांसाठी मुद्दाम. गोडो 3 मध्ये देवनागरी लिहिलं की जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या भलतीकडे बसायच्या. मार्च 2023 मध्ये आलेल्या गोडो 4 पासून मजकूर बसवण्याचं काम नव्याने केलंय. ‘किलवर’, ‘इस्पिक’, ‘उतारी’, ‘एक्का’, सगळं नीट उमटतं; देवनागरी असलेला फाँट तेवढा आपण द्यायचा. जुन्या व्हिडिओंवरून शिकणाऱ्यांनी आवृत्ती पाहून घ्यावी, 3 आणि 4 मधली नेटवर्किंगची मांडणीसुद्धा वेगळी आहे.

नोकरीचं काय? पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, ‘इंडस’ हा गेम काढणारी सुपरगेमिंग कंपनी इथलीच. पण जाहिराती वाचा: युनिटी आणि तिची भाषा सी-शार्प, नाहीतर अनरियल इंजिन आणि त्याची भाषा सी-प्लस-प्लस. गोडोचं नाव क्वचित. शिवाय ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. ऑनलाइन रमी, फँटसी क्रिकेट यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या बॅकएंडवाल्यांच्या बऱ्याच जागा तिथे होत्या. ई-स्पोर्ट्स आणि बिनपैशाच्या खेळांना त्या कायद्यात प्रोत्साहन आहे, पण तिथल्या नोकऱ्या तेवढ्या संख्येने लगेच उगवणार नाहीत. भाच्याला मी म्हटलं, तुझा सर्व्हर नीट असेल तर उद्या गेम कंपनीने नाही घेतलं तरी पेमेंटवाले घेतील, चॅटवाले घेतील. त्यावर त्याचं तोंड वाकडं झालं, ते मी मनावर घेतलं नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो वेगवान खेळांसाठी तयार काही नाही म्हणून. उतरवताना दोन आवृत्त्या दिसतील, साधी आणि डॉटनेट (सी-शार्प चालवणारी). साध्या आवृत्तीत इंजिनाची स्वतःची जीडीस्क्रिप्ट आहे, पायथनसारखी, दोन दिवसांत हाताला बसते. पुढे युनिटीकडे जायचं पक्कं असेल तर डॉटनेट घ्या म्हणजे सी-शार्पची सवय लागेल. पण त्या आवृत्तीत बनवलेला खेळ मी हे लिहीपर्यंत तरी वेबवर एक्स्पोर्ट होत नाही, आणि लिंक पाठवून मुलाखत घेणाऱ्याला खेळ खेळवून दाखवायचा असेल तर वेबच लागतं. म्हणून पहिला खेळ जीडीस्क्रिप्टमध्येच करा, दुसऱ्यापासून सी-शार्प.