पत्रके, वाण आणि इन्स्टाग्राम : एका लाकडी घाण्याच्या जाहिरातीचा आठ महिन्यांचा अनुभव

साताऱ्यात आमचा लाकडी घाण्याच्या तेलाचा छोटा व्यवसाय आहे. शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबरे ही चार तेले आम्ही काढतो. पहिली दोन वर्षे जाहिरातीचा सगळा खर्च इन्स्टाग्राम आणि गूगलवरच होत होता. गेल्या ऑगस्टपासून मात्र त्या खर्चातील जवळपास निम्मी रक्कम मी वर्तमानपत्रात टाकायची पत्रके, सोसायट्यांमधील स्टॉल, स्थानिक दैनिकातील छोटी जाहिरात आणि एक फ्लेक्स यांवर वळवली. ऑनलाइन जाहिरात बंद केली नाही, तिच्या जोडीला हे सारे सुरू केले. मार्चअखेरपर्यंतचा अनुभव येथे मांडत आहे.

हा बदल करण्यामागचे कारण आधी सांगतो. घाण्याच्या एक किलो शेंगदाणा तेलासाठी साधारण अडीच किलो दाणे लागतात, त्यामुळे ते रिफाइंड तेलाच्या मानाने बरेच महाग पडते. फिरत्या घाण्याचा व्हिडिओ लोकांना आवडतो, आमच्या एका रीलला तर आमच्या अपेक्षेच्या कितीतरी पट प्रेक्षक मिळाले. पण त्यांतले बहुतेक नागपूर, नाशिक, मुंबईकडचे होते, आणि तेल कुरिअरने पाठवणे म्हणजे वजनाचा खर्च आणि शिवाय गळतीची भीती. जाहिरात साताऱ्यापुरती मर्यादित ठेवली तर पाहणारे योग्य मिळत, तरी दुप्पट दर देण्याआधी माणसाला तेल हुंगून पाहायचे असते आणि तळाशी बसलेला गाळ कसला, हे विचारायचे असते. पडद्यावर वास येत नाही, हीच आमची अडचण होती.

मोजमापासाठी दुकानात एक वही ठेवली आणि प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमच्याविषयी कुठे कळले?’ असे विचारून उत्तर लिहू लागलो. पहिल्याच महिन्यात या वहीचे आणि गूगलच्या आकड्यांचे जमेना. शाहूपुरी आणि गोडोली भागांत पत्रके टाकल्यावर गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे दुकानाची माहिती दाखवणाऱ्या गूगलवरील पानावरून, येणारे फोन आणि दुकानाचा रस्ता विचारणाऱ्यांची संख्या स्पष्टपणे वाढली. नुसते आकडे पाहिले असते तर श्रेय गूगललाच दिले असते. मात्र लोकांनी कोणते शब्द शोधले याची यादी त्याच प्रोफाइलमध्ये मिळते. पूर्वी तीत ‘लाकडी घाणा सातारा’ अशा सर्वसाधारण शब्दांचा भरणा असे. त्या महिन्यात आमच्या दुकानाचे नाव थेट टाइप करणारे कितीतरी अधिक होते. नाव त्यांनी कागदावर वाचले होते, गूगलवर ते फक्त पत्ता आणि इतरांचे अभिप्राय पाहायला गेले होते. ऑनलाइन जाहिरातीचा हिशेब आपोआप समोर येतो आणि कागदाचा येत नाही, म्हणून कागद निरुपयोगी ठरवला जातो, असे माझे मत त्यानंतर झाले.

पत्रकांबाबत काही व्यावहारिक गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. पहिली खेप पावसात वाटली आणि बराचसा कागद ओलाच घरी पोहोचला, ही सर्वस्वी माझी चूक. पत्रके खरोखर टाकली जातात की गठ्ठा तसाच राहतो, हा प्रश्न प्रत्येकालाच पडतो. त्यासाठी मी दोन वेळा पहाटे पाचला वर्तमानपत्रांच्या वाटपाच्या जागी जाऊन उभा राहिलो. कोणत्या विक्रेत्याच्या लाइनमध्ये बंगले आहेत, कोणत्या लाइनमध्ये भाड्याच्या खोल्या आहेत, ही माहिती त्या अर्ध्या तासात मिळाली, आणि ती पैसे मोजूनही ऑनलाइन मिळाली नसती. प्रत्येक भागासाठी क्यूआर कोड वेगळा छापला होता, पण तो वापरणारे थोडेच निघाले. पत्रक घडी घालून पिशवीतून घेऊन येणारे, बहुतेक साठीच्या पुढचे, अधिक होते. मजकुरात ‘हृदयविकारावर रामबाण’ असे घालण्याचा छापखान्यातून आलेला सल्ला मी मानला नाही. अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही, आणि तसा तो करूही नये.

स्थानिक दैनिकातील जाहिरातीविषयी फार सांगण्यासारखे नाही. ती दिवाळीपूर्वी तीन वेळा दिली, अभ्यंगाच्या तिळाच्या तेलाला थोडी मागणी आली. एक लहानसा फायदा असा, की छापील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के जीएसटी लागतो, ऑनलाइन जाहिरातीवर १८ टक्के. आम्ही छोट्या व्यावसायिकांसाठी असलेल्या जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असल्यामुळे या कराची वजावट मिळत नाही, म्हणून हा फरक थेट खिशाला जाणवतो.

फ्लेक्स मात्र पूर्ण वाया गेला. रीतसर परवानगी काढून, शुल्क भरून तो आठवडाभर लावला. त्याच्या दोन्ही बाजूंना वाढदिवसाच्या शुभेच्छांचे इतके मोठे फलक होते की आमची तेलाची बाटली एखाद्या भावी नगरसेवकाची निशाणी वाटावी. वहीत फ्लेक्सच्या नावावर एकही नोंद नाही. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी कोसळलेल्या फलकाखाली १७ माणसे दगावली, तेव्हापासून माझे मन या प्रकाराविषयी तसेही फारसे अनुकूल नव्हते.

सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट माझ्या योजनेत नव्हतीच. डिसेंबरमध्ये एका सोसायटीत स्टॉल लावला होता. तिथे एका काकूंनी विचारले, की हळदीकुंकवाला वाण म्हणून देता येईल अशी लहान बाटली मिळेल का. आम्ही तिळाच्या आणि खोबऱ्याच्या तेलाच्या १०० मिलिलिटरच्या सीलबंद बाटल्या भरल्या. लेबलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक, दुकानाचा पत्ता आणि व्हॉट्सॲप क्रमांक छापला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत त्या बाटल्या एका घरातून दहा-वीस घरांत गेल्या, आणि त्याही विकत घेऊन, म्हणजे जाहिरातीचा खर्च ग्राहकानेच केला. फेब्रुवारीतील वहीत ‘वाणात मिळाले’ हे उत्तर सर्वाधिक वेळा आहे. ओळखीच्या बाईने हातात दिलेले तेल वापरून पाहिले जाते, फुकट वाटलेला नमुना बऱ्याचदा फळीवरच पडून राहतो.

इथून पुढचे काम मात्र ऑनलाइन माध्यमानेच केले, हे प्रांजळपणे सांगायला हवे. एका घराला लिटरभर तेल किती दिवस पुरते याचा अंदाज आल्यावर त्या सुमारास व्हॉट्सॲपवर आठवण पाठवली की मागणी येते. तिथे एक मर्यादा आहे. एकच संदेश एकदम अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने आपला क्रमांक जतन केला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. ही बाब मला उशिरा कळली. त्याआधीचे कित्येक संदेश कुणालाच मिळाले नव्हते. आता तेल देतानाच ग्राहकाच्या फोनमध्ये आमचा क्रमांक जतन करून घेतो. ज्येष्ठ मंडळी फोन आमच्याकडेच देतात आणि ‘तुम्हीच टाका’ म्हणतात. त्या एका मिनिटाने जे साधले, ते वर्षभराच्या रील्सना साधले नव्हते.

यापुढे खर्चाची विभागणी साधारण अशीच ठेवणार आहे. रील्स चालू राहतील, कारण नवा ग्राहक पत्रक वाचून पेजवर येतो तेव्हा तिथे सहा महिन्यांपूर्वीची पोस्ट दिसणे बरे नव्हे. फ्लेक्स नाही, पावसाळ्यात पत्रके नाहीत. त्याच काकूंनी पुढच्या संक्रांतीसाठी ६० बाटल्या आत्ताच सांगून ठेवल्या आहेत, आणि लेबलावरचा फोन क्रमांक चष्म्याशिवाय वाचता येत नाही, अशी तक्रारही केली आहे. नवे लेबल मोठ्या अक्षरांत छापायला दिले आहे.