ई-रीडर आणि अंतराळातले चाचे: सात महिन्यांनंतरचा अनुभव

जूनमध्ये ई-रीडर घेतला, आता जानेवारी संपत आलाय. घ्यायचं खरं कारण सांगते. मला अंतराळात घडणाऱ्या प्रेमकथा वाचायच्या होत्या, त्यातही मोकळ्या शृंगाराच्या. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं एकत्र घर, माणसं सात. उघड्या छातीच्या चाच्याचं मुखपृष्ठ उशाशी ठेवायची सोय नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, आमच्या घरात तिसऱ्या पिढीची वर्गणी आहे, पण हा प्रकार तिथं मागायला जीभ रेटत नाही.

यंत्र चांगलं आहे. पडद्यात बारीक कुप्या आणि त्यांत काळे-पांढरे कण असतात; अक्षर बदलायला तेवढी वीज लागते, तसंच ठेवायला लागत नाही. आषाढात दोन दिवस लाईट नव्हती, घरातले सगळे फोन मान टाकून पडले, हा चालू होता. उजेड कडेनं पानावर पसरतो, डोळ्यांत घुसत नाही, आणि अगदी बारीक ठेवला तर शेजारच्याची झोपमोड होत नाही. चौथ्या महिन्यात मात्र पडद्यावर उभी रेघ आली. दुरुस्तीवाल्यांनी तीन आठवडे ठेवून घेऊन बदलून दिलं, पण माझ्या सगळ्या खुणा गेल्या. त्याचा राग अजून आहे. काही मराठी फायलींत जोडाक्षरांचे पायही मोडलेले दिसतात.

या काळात १९ कादंबऱ्या झाल्या, सगळ्या इंग्रजी. बहुतेकींत वेश पालटून चाच्यांच्या जहाजावर चढलेली अधिकारी आणि तिथला कप्तान. मी एकच बघते: तो तिला खऱ्या नावानं पहिल्यांदा कधी हाक मारतो? खोट्या नावानं ती त्याच्या कुशीत शिरली, तर त्यानं होकार दिला तो नसलेल्या बाईला. निम्म्या लेखकांना हे खुपतच नाही. काहींना वजनरहित अवस्थाही कळत नाही. तिथं एकानं दुसऱ्याला जरा ढकललं की दोघं दोन भिंतींना जाऊन लागणार. अंतराळवीर झोपतानासुद्धा पिशवी भिंतीला बांधतात.

एक कादंबरी मात्र मी तीनदा वाचली. जहाज गुरूजवळ आहे. तिथून पृथ्वीवर प्रकाश यायलाच ३३ ते ५४ मिनिटं लागतात, म्हणजे निरोप धाडून उत्तर येईपर्यंत दीडएक तास. ती पृथ्वीवर विचारते, "कप्तानाला पकडू का?" निरोप गेला. मग ती त्याच्या खोलीत जाते, बुटाच्या अस्तरात शिवलेला बिल्ला उसवून काढते, त्याच्या तळहातावर ठेवते आणि आपलं नाव सांगते. तो म्हणतो, "परत सांग." ती सांगते. तो उठून दार सताड उघडतो आणि बाजूला उभा राहतो. दार ती स्वतः लावते. पुढची बारा पानं शृंगाराचीच आहेत, आडपडदा काही नाही, आणि प्रत्येक स्पर्शाआधी तो तेच नाव घेऊन विचारतो. मला घाम फुटला आणि डोळ्यांत पाणीही आलं.

हा कप्तान जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून जकात घेतो. इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हटलं होतं; आपल्याला ते सरखेल, म्हणजे मराठी आरमाराचे प्रमुख, परवाना न घेणारं जहाज अडवणारे. आधी ते ताराबाईंच्या बाजूचे, १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी बोलणी केली आणि ते शाहूंकडं गेले. ताराबाईंच्या गादीच्या गावात बसून वाचताना कप्तानाला चोर म्हणणं मला जमलं नाही, आणि बाजू बदलणाऱ्या तिला फितूरही.

हे मराठीत यावं असं फार वाटतं. गाथासप्तशतीतल्या सातशेच्या आसपास गाथांतला शृंगार आपलाच, आणि जयंत नारळीकर १९३८ साली जन्मले ते याच कोल्हापुरात. 'सरकारी बिल्ला', 'कप्तान', 'दार लावून घे': शब्द सगळे तयार आहेत.

दिवाळीनंतर धाकट्या जावेनं विचारलं, "ताई, रातभर एवढं काय वाचता ओ?" मी यंत्र तिच्या हातात दिलं. इंग्रजीला ती बिचकत होती, पण शब्दावर बोट दाबलं की अर्थ येतो म्हटल्यावर रमली. रोज दहा-बारा पानं होतात. काल रात्री ती त्या निरोपापाशी पोचली होती.