खारपाणपट्ट्यात प्यायला काय: गावचा आरओ की धरणाचा नळ?

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेल्या भागात, बोअरच्या पाण्यात डाळ धड शिजत नाही. हंड्याच्या आत पांढरा थर धरतो. गावातच आरओ, म्हणजे पाणी गाळून त्यातले क्षार काढणारं यंत्र, बसवला तर गोडं पाणी लगेच मिळतं. पण गाळून उरलेलं पाणी आणखी खारट असतं. ते नालीत सोडलं की परत जमिनीतच मुरतं, आणि याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. शिवाय वीज गेली, मेंब्रेन (आरओतला गाळणारा पडदा) चोंदलं, की कॅन रिकामी.

वान धरणावरची ८४ खेडी योजना गोडं पाणी गावागावांत नेते. पाइप लांबचे, फुटले की शेवटच्या गावाचे हाल. तरी माझा कौल धरणालाच. आरओ जोडीला ठेवा, पण टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आहे का, हे दर महिन्याला तपासा.