आयसीयूत पेशंटला लवकर उठवायचं की पडू द्यायचं?

फिजिओने "आज यांना खाटेच्या कडेला बसवू" म्हटलं की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. तोंडात नळी, मानेत औषधांची लाइन, अंगात त्राण नाही. पडू द्या की थोडं! भीती साहजिक आहे. पण पडून राहणं म्हणजे आराम नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू दहा दिवसांत सुमारे १८ टक्के रोडावला होता. तो भरून यायला महिने जातात.

लवकर उठवण्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा २००९ चा, शिकागो आणि आयोवातला. रोज गुंगीचं औषध थांबवायचं आणि पेशंट जागा झाला की लगेच व्यायाम. घरी जाताना ५९ टक्के लोक अंघोळ, कपडे, चालणं स्वतःचं स्वतः करत होते. ज्यांचा व्यायाम उशिरा सुरू झाला त्यांच्यात ३५ टक्के. भ्रमाचे दिवसही चारावरून दोनवर आले. घरच्या माणसाला न ओळखणारा पेशंट ज्यांनी पाहिलाय, त्यांना या दोन दिवसांचं मोल कळेल.

मग जितकं जास्त तितकं चांगलं? नाही. २०२२ मध्ये सहा देशांतल्या ७५० रुग्णांवर हेच तपासलं. एका गटाला रोज सुमारे २१ मिनिटं हालचाल, दुसऱ्याला नेहमीसारखी ९. सहा महिन्यांनी फायदा दिसला नाही. उलट बीपी, हृदयाचे ठोके, ऑक्सिजन बिघडण्याचे प्रकार दुपटीहून जास्त. लक्षात घ्या, दुसरा गटही हलत होताच. पक्षाघातात पहिल्या २४ तासांत वारंवार उठवणंही महागात पडलेलं आहे.

म्हणून माझं मत: लवकर, पण बेताने. पलंगावर पडून पाय चालवायची सायकल नसली तरी अडत नाही. माणसं मात्र पुरेशी हवीत: एक जण नळी धरणारा, एक पाठीमागे, फिजिओ समोर गुडघ्यांना आधार देत आणि सिस्टरची नजर मॉनिटरवर. पहिल्या दिवशी दोन मिनिटं बसले तरी पुष्कळ.

डॉक्टरांना विचारा: गुंगी कमी करता येईल का? बीपी टिकवून धरणारी औषधं वाढवावी लागताहेत का? मशीनमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या वर आहे का? शेवटच्या दोन्हींपैकी एकाचंही उत्तर "हो" असेल तर आज बसवण्याचा आग्रह धरू नका, पलंगावरच हातपाय हलवून घ्या आणि उद्या पुन्हा विचारा. पण गुंगी "पेशंट शांत राहावा म्हणून" चालू असेल, तर तिथे जरूर आग्रह धरा. आणि पेशंटला आजूबाजूचं नीट कळावं म्हणून घरून चष्मा नि कानाचं मशीन आजच नेऊन द्या.