‘पेलेट खातो’ म्हणून विकलेला मँडरिन

घरी खाऱ्या पाण्याचा टँक असलेल्यांनी आणि नवीन लावायच्या विचारात असलेल्यांनी हे जरूर वाचा. माझे जवळजवळ अकरा हजार रुपये गेले. त्याहून जास्त लागलं ते दोन माशांचं मरण.

2019 साली फिलिपीन्समधल्या मालापास्कुआ बेटावर मी मँडरिन हा समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला. तो दिवसभर प्रवाळांच्या फटीत दडून असतो, म्हणून गाईडने आम्हाला सूर्य मावळताना पाण्यात उतरवलं. मासा जेमतेम बोटाएवढा. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी पट्टे, त्यांना हिरव्या कडा. नर आपला पाठीवरचा उंच पर उभारून मादीभोवती फिरला, मग दोघं एकमेकांना चिकटून हळूहळू वर आले, क्षणभर थांबले आणि अंडी सोडून सर्रकन खाली गेले. बहुतेक माशांचा निळेपणा हा प्रकाशाचा परिणाम असतो. याच्या कातडीत मात्र खरोखरच निळं रंगद्रव्य असतं. तो निळा डोळ्यांपुढून जाईना.

2022 मध्ये टँक लावला. तीन फुटी, लाईव्ह रॉक (बारीक जीव असलेले समुद्रातले दगड) घातलेला. चार महिन्यांनी एका विक्रेत्याने व्हिडिओ पाठवला: मँडरिनची जोडी, नऊ हजार. “ताई, टँकमध्येच जन्मलेले आहेत, पेलेट खातात. आणि याला खवले नसतात, अंगावर चिकट थर असतो, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा आजार सहसा धरत नाही.” यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. ते मला आधीपासून माहीत होतं, म्हणून बाकीच्यांवरही माझा विश्वास बसला. व्हिडिओत पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या बारीक गोळ्या, खाली पडत होत्या आणि मासा दगडावर टोचा मारत होता. मला वाटलं, खातोय.

पिशवीत दोघांचे पर मिटलेले होते. टँकमध्ये सोडल्यावर तासाभरात दोघांनीही पाठीवरच्या पराचा, फक्त नरालाच असणारा तो लांब काटा उभारला. दोन्ही नर! दोन नर एका टँकमध्ये ठेवले की बहुतेकदा जिवावर बेततं. फोन केला तर उत्तर आलं, “ओळख होऊ द्या, चार दिवसांत जमेल.” मी त्यांना वेगळं करेपर्यंत लहान्याचं तोंड फाटलं होतं. दोन दिवसांनी तो गेला.

दुसऱ्याचे हाल जास्त झाले. मँडरिनचं तोंड इवलंसं. समुद्रात तो दिवसभर एकेक कोपेपॉड (ठिपक्याएवढा कवचधारी जीव), एखादा बारीक किडा टिपत फिरतो. जुन्या, मुरलेल्या मोठ्या टँकमध्ये हे जीव दगडांवर सतत वाढत राहतात. माझ्या चार महिन्यांच्या टँकमधले त्याने थोड्याच दिवसांत संपवले. त्यानंतरही तो टोचा मारतच होता, कारण तो त्याचा स्वभावच आहे. पेलेट नाकासमोरून गेली तरी तिकडे बघत नसे. पोट आत गेलं, डोक्यामागची हाडं दिसू लागली. विक्रेत्याने मग अठराशे रुपयांची “जिवंत कोपेपॉड”ची बाटली दिली. माझ्या भाचीने त्यातला थेंब कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला: कवचांचे तुकडे, हलणारं काहीच नाही. सहाव्या आठवड्यात तोही मेला.

पैसे मागितले तेव्हा म्हणाला, “खाऱ्या पाण्यातला मासा आहे, गॅरंटी फक्त घरी जिवंत पोचण्याची.” मी बिल घेतलं नव्हतं. यूपीआयने पैसे गेल्याची नोंद होती, पण कोणता मासा, कुठला, नर की मादी, याचा लेखी पुरावा माझ्याकडे काहीच नव्हता. त्यामुळे तक्रार तिथेच अडली.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2003 साली शोभेच्या सागरी माशांच्या व्यापारावर अहवाल काढला. टँकमध्ये नीट तगत नाहीत तरी सर्रास विकल्या जाणाऱ्या माशांत त्यात मँडरिनचं नाव आहे. म्हणजे त्याची उपासमार व्यापाऱ्यांना नवी नाही. टँकमध्ये जन्मलेले मँडरिन मिळतात, पण ते सहसा अगदी लहान असतानाच विकायला येतात. मला मिळालेले दोन्ही पूर्ण वाढलेले होते, आणि हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

घ्यायचाच असेल तर दगड नसलेल्या, नुसत्या काचेच्या भांड्यात तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. पेलेट तोंडात जाते आणि बाहेर थुंकली जात नाही, हे दोनदा बघा. वरून आणि समोरून पोट पाहा, ते आत गेलेलं असेल तर घेऊ नका. जोडी म्हणाले तर दोघांचे पर उभे राहिलेले पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. कोपेपॉडची बाटली पांढऱ्या वाटीत ओतून टॉर्च मारा. जिवंत असतील तर ठिपके उड्या मारताना दिसतात.

गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका ओळखीच्यांनी मला एक व्हिडिओ पाठवून विचारलं, “हा घेऊ का?” मासा तोच, पेलेट तशाच पडत होत्या, आणि काचेच्या डाव्या कोपऱ्यात मला आलेल्या व्हिडिओतलाच आडवा ओरखडा होता. त्यांना मी लगेच फोन केला. पैसे अजून पाठवले नव्हते.