मानेतली साधी नळी आणि पर्मकॅथ: सासूबाईंच्या डायलिसिसचा अनुभव

सासूबाईंचं डायलिसिस अचानक सुरू झालं, तेव्हा फिस्टुला (सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) केलेला नव्हता. त्यामुळे मांडीतली नळी, मानेतली साधी नळी आणि पर्मकॅथ (कातडीखालून घातलेली, जास्त काळ ठेवायची नळी), तिन्हींचा अनुभव घरात आला. निफाडहून नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या सेंटरला आठवड्यातून तीनदा जातो.

मांडीतली नळी अडीनडीपुरतीच. पाय जरा वाकला की पंप अडायचा, आणि त्या जागी जंतुसंसर्गाचा धोकाही मोठा.

मानेतल्या साध्या नळीने बरेच दिवस काढले. पण रक्ताचा पंप मिनिटाला 250 मिलीच्या वर नेला की अलार्म वाजायचा. सिस्टर त्यांना मान वळवायला, खोकायला सांगायच्या. तेवढ्याने भागलं नाही की लाइनी उलट्या: एरवी लाल तोंडातून रक्त मशिनकडे जातं आणि निळ्यातून परत येतं, ते लाल तोंडाला निळी आणि निळ्याला लाल. अलार्म थांबतो, पण नुकतंच शुद्ध होऊन आलेलं रक्त थोडं पुन्हा मशिनकडेच ओढलं जातं. चार तास पडून राहूनही सफाई कमी. यूआरआर (एका डायलिसिसमध्ये रक्तातला युरिया किती टक्के कमी झाला तो आकडा) किमान 65 टक्के हवा, यांचा साठीच्या आत-बाहेर घुटमळायचा. अंगाला खाज, तोंडाची चव गेलेली.

पर्मकॅथ उजव्या मानेतून टाकली, कारण तिथून हृदयाकडे सरळ वाट आहे; डावीकडून वळणं जास्त पडतात. नळी कातडीखालून येऊन छातीवर बाहेर निघते. आत तिला डॅक्रॉनचा कफ (कृत्रिम धाग्याचं कडं) असतो, त्यात तीन-चार आठवड्यांत पेशी रुजतात, मग नळी पक्की बसते आणि जंतूंची वाटही अडते. पंप 300 वर विनातक्रार चालू लागला, यूआरआर सत्तरीकडे सरकला. सासूबाई बाजरीची भाकरी मागून खाऊ लागल्या, आमच्यासाठी तोच मोठा रिपोर्ट.

पर्मकॅथच्या आतल्या टोकांचे प्रकार असतात: पायरीचं, दुभंगलेलं, दोन्हीकडे सारखं. सारख्या टोकाच्या नळीत लाइनी उलटल्या तरी रक्त कमी फिरून येतं. तरी माझ्या मते कंपनीपेक्षा टोक नेमकं कुठे बसलंय ते महत्त्वाचं. एक्स-रे बघून डॉक्टरांना विचाराच.

पर्मकॅथ म्हणजे निर्धास्त, असं मात्र नाही. एकदा मशिनवरच थंडी वाजून ताप भरला. रक्ताचं कल्चर, अँटिबायोटिक, सगळं झालं. तेव्हापासून टोपण उघडताना सिस्टर आणि सासूबाई दोघींच्या तोंडाला मास्क आहे ना, हे मी पाहतेच. शेवटी नळीत हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) भरतात तेही बघा: दोन्ही फाट्यांवर किती मिली ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं, तेवढंच भरायचं. नळीची जागा ओली होऊ द्यायची नाही, म्हणून रामकुंडावर सगळ्यांनी स्नान केलं तेव्हा त्या काठावरच बसल्या. त्यांना वाईट वाटलं, मलाही.

गळ्याच्या हाडाखालच्या शिरेत नळी घालायची म्हणाले, तर दुसरी जागा नाही का, हे आधी विचारा. ती शीर पुढे अरुंद होऊ शकते आणि त्या हातातला फिस्टुला अडचणीत येतो.

डाव्या हातात आता फिस्टुला केलाय. दोन्ही सुया नीट चालू लागल्या की पर्मकॅथ काढायची ठरलंय. तोवर त्या हाताला बीपीचा पट्टा, सलाईन, रक्त काढणं, काहीही करू देत नाही.